मराठी बायबल: छापील, मोबाइलवरचे की वचनकार्डावरचे? ‘आपली काही किंमत नाही’ असे वाटणाऱ्याने कोणते घ्यावे

बायबलच्या प्रतींबद्दल लिहिताना लोक बांधणी, अक्षरांचा आकार आणि भाषेची गोडी यांपासून सुरुवात करतात. तेही येईलच, पण इथली कसोटी वेगळी आहे. नोकरी गेलेली बाई, स्पर्धा परीक्षेत पुन्हा अडकलेला मुलगा, निवृत्तीनंतर घरात अडगळ झाल्यासारखे वाटणारे काका, अशा कुणाच्या हातात मराठी बायबल द्यायचे असेल तर ते कोणत्या रूपात द्यावे, एवढेच इथे तपासले आहे. बाजारात आणि चर्चमध्ये हे तीन रूपांत मिळते: छापील ग्रंथ, मोबाइलवरचे अ‍ॅप, आणि एकेक वचन छापलेली कार्डे-कॅलेंडरे. तिन्हींत शब्द एकाच ग्रंथातले आहेत, परिणाम मात्र एकसारखा होत नाही.

ख्रिस्ती परंपरेत अशा वेळी पुन्हापुन्हा उघडले जाणारे काही उतारे ठरलेले आहेत. मत्तय ६:२५ ते ३४ मध्ये (म्हणजे मत्तय या पुस्तकाचा ६ वा अध्याय, वचने २५ ते ३४) पाखरे आणि रानफुले येतात. चिमण्या मत्तय १०:२९ ते ३१ मध्ये आणि लूक १२:६-७ मध्येही आहेत. स्तोत्र ८ रात्रीच्या आकाशाखालचे आहे. ईयोब ३८ आणि ३९ मध्ये पाऊस, रानबकऱ्या, रानगाढव, शहामृग, ससाणा अशी मिरवणूकच निघते. आणि १ राजे १९ मध्ये मरण मागणारा संदेष्टा एलिया रानातल्या एका झुडपाखाली आडवा पडतो. या सगळ्यांत माणसाला घराबाहेर काढून काहीतरी दाखवलेले आहे. स्तोत्र १३९ याच कामासाठी सर्रास दिले जाते, पण त्यातला दिला जाणारा भाग आईच्या उदरातल्या घडणीबद्दल आहे आणि तो विषय निराळा, म्हणून ते इथे धरलेले नाही.

निकाल आधीच सांगतो. पूर्ण छापील बायबल पहिले. अ‍ॅप दुसरे, तेही दोन गोष्टी बंद करून. वचनकार्ड या कामासाठी घेऊ नये, आणि अशा माणसाला भेट म्हणून तर मुळीच देऊ नये.

कार्डांवर इतका राग का, ते चिमण्यांच्या वचनावरून दाखवता येते. नव्या वर्षाच्या उपासनेत वाटल्या जाणाऱ्या कार्डांवर, भिंतीवरच्या कॅलेंडरांवर आणि गाडीच्या काचेला लावायच्या स्टिकरांवर मत्तय १०:३१ हमखास दिसते: भिऊ नका, पुष्कळ चिमण्यांपेक्षा तुमचे मोल अधिक आहे, अशा अर्थाचे. बाजूला गुलाबी आभाळ आणि फांदीवर गुबगुबीत चिमणी. वाचणाऱ्याचा समज असा होतो की देवाला मी आवडतो, म्हणून माझे वाईट होणार नाही. मग वाईट होते. दुसरी नोकरीही जाते, रिपोर्ट वाईट येतो. आता त्या कार्डातून एकच अर्थ उरतो: माझे मोल तेवढे नसणार. म्हणजे ज्या रोगावर औषध दिले तोच बळावला.

कार्डावर २९ वे वचन नसते. त्यात येशू दोन चिमण्यांचा बाजारभाव सांगतो आणि लगेच म्हणतो की त्यांतली एकही पित्यावाचून जमिनीवर पडत नाही. म्हणजे चिमणी पडते. पडणारच नाही असे आश्वासन तिथे कुठेही नाही. ती पडते तेव्हा कुणाला तरी ठाऊक असते, एवढेच म्हटले आहे. हा अध्याय कुणाला उद्देशून आहे तेही पाहावे. बारा शिष्यांना गावोगाव पाठवताना, तुम्हाला न्यायसभांपुढे उभे करतील, फटके मारतील, घरचेच लोक उलटतील असे बजावून झाल्यावर हे वाक्य येते. फटक्यांच्या यादीनंतर ‘तुमचे मोल अधिक’ वाचणे आणि गुलाबी आभाळाशेजारी वाचणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अपयश आलेल्या माणसाला पहिले वाचन पेलते, दुसरे त्याला खोटे वाटते.

लूकचा उतारा तर कार्डांवर जवळजवळ येतच नाही, आणि खरा जिन्नस तिथेच आहे. मत्तयमध्ये एका नाण्याला दोन चिमण्या. लूकमध्ये दोन नाण्यांना पाच. हिशेब केला तर चार व्हायला हव्या होत्या. पाचवी वर फुकट टाकलेली. हे नाणे म्हणजे रोमन आसारियोन, एका दिनाराचा सोळावा भाग, आणि दिनार म्हणजे शेतमजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तोच दर आहे). आजची रोजंदारी ५०० रुपये धरली तर एका नाण्याचे साधारण ३१ रुपये होतात. गरिबांनी विकत घ्यायचे सगळ्यांत स्वस्त मांस ते. त्यातही पाचवीला स्वतंत्र भाव नाही, ती मापात भर म्हणून गेलेली. आणि लूक लिहितो की त्यांच्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. ‘मी कुणाच्या हिशेबातच नाही’ असे म्हणणाऱ्याला हे वचन थेट भिडते, कारण पाचवी चिमणी अक्षरशः हिशेबाबाहेरची आहे. हे समजायला मत्तय आणि लूक दोन्ही उघडे लागतात, एकासमोर एक. कार्डावर ते होत नाही.

आता अ‍ॅप. मराठीत पुष्कळ वापरले जाणारे म्हणजे यूव्हर्जनचे बायबल अ‍ॅप. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि मराठीच्या एकाहून अधिक आवृत्त्या त्यात आहेत. बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’, म्हणजे बहुतेक प्रॉटेस्टंट चर्चमध्ये वाचले जाणारे, त्यात आहे. शिवाय सोप्या, बोलीला जवळच्या भाषेतली समकालीन भाषांतरेही आहेत. वचनावर बोट ठेवले की खाली पर्याय उघडतात, त्यांतल्या तुलनेच्या पर्यायाने तेच वचन दुसऱ्या आवृत्त्यांत कसे आहे ते एका पडद्यावर दिसते. चिमण्यांच्या भावासारख्या ठिकाणी हे फार उपयोगी पडते. जुन्या वळणाच्या आवृत्तीत अडखळणाऱ्याला दुसरीत वाट सापडते. शोधाची सोय आहे, पण मराठीत ती शब्दाच्या रूपावर अडते. ‘चिमणी’ टाकून हाती काही लागले नाही तर ‘चिमण्या’, ‘चिमण्यांपेक्षा’ असे रूप बदलून शोधावे.

बाहेर नेण्याआधी आवृत्ती डाउनलोड करून ठेवावी. आवृत्त्यांच्या यादीत नावापुढे ती सोय असेल तर चिन्ह दिसते. घाटात किंवा गावाबाहेरच्या टेकडीवर रेंज गेली की हे न केलेला माणूस हात हलवत परत येतो. डाउनलोड झाले की फोन विमान मोडवर टाकावा. नाहीतर स्तोत्र ८ च्या चौथ्या वचनाला पोहोचेपर्यंत कुटुंबाच्या ग्रुपवर सुप्रभात येऊन पडते.

ऐकण्याची सोय हा अ‍ॅपचा बळकट भाग. डोळे कमजोर झालेले, वाचायची सवय नसलेले किंवा मन इतके थकलेले की ओळीवर ठरतच नाही, अशांना छापील प्रतीपेक्षा हे बरे. मराठीत नव्या कराराचे नाट्यरूप ध्वनिमुद्रण आहे: वेगवेगळे आवाज, मागे संगीत. घरात पडून ऐकायला छान. बाहेर मात्र ते बंद ठेवावे, कारण पाखरांकडे पाहा असे सांगणारा उतारा कानात वाजत असताना बाहेरचा कावळा ऐकूच येत नाही. ध्वनी बहुधा इंटरनेटवरूनच येतो, हेही लक्षात असू द्यावे.

बंद करायच्या दोन गोष्टी म्हणजे रोजचे वचन आणि सलग दिवसांची मोजणी. रोजचे वचन म्हणजे फोनवरचे वचनकार्डच. त्याचे दोष वर आले, शिवाय डोंगर-धुक्याच्या फोटोवर मराठी अक्षरे टाकून पुढे पाठवण्याची सोय हाताशी असल्याने वाचण्याआधी पाठवणेच जास्त होते. दुसरी गोष्ट अधिक नुकसान करते. सलग किती दिवस अ‍ॅप उघडले ते मोजून दाखवले जाते. उत्साही वाचकाला तो आकडा चढता पाहून हुरूप येतो, हे मान्य. पण ज्याला आधीच वाटते की आपल्याच्याने काही तडीस जात नाही, त्याचा आकडा एका आजारपणात किंवा एका वाईट रात्रीत शून्यावर येतो आणि नापास झाल्याची आणखी एक पावती हातात पडते. तीसुद्धा देवाच्या नावाने. सूचना सेटिंगमधून बंद होतात. मोजणीकडे काणाडोळा करावा, आणि दुसऱ्याच्या फोनवर बसवून देत असाल तर त्याला हे आधीच सांगावे. वाचनयोजनांचेही तेच: मागे पडलेले दिवस डोळ्यांपुढे राहतात. या वाचकाने योजना घेऊच नये.

छापील प्रतीकडे येऊ. दुकानात सर्वांत सहज मिळते ते बायबल सोसायटीचे पूर्ण ‘पवित्र शास्त्र’, जुना आणि नवा करार मिळून ६६ पुस्तके. कॅथलिक बायबलमध्ये ७३ असतात. पण वर सांगितलेले सगळे उतारे दोन्हींत आहेत, त्यामुळे या कामापुरता तो प्रश्न येत नाही. एवढ्या जाड ग्रंथाच्या मानाने साध्या बांधणीची प्रत स्वस्त पडते. समास-संदर्भ, म्हणजे पानाच्या कडेला संबंधित वचनांचे निर्देश, असलेली प्रत मिळाली तर ती घ्यावी. त्यात मत्तय १० जवळ लूक १२ चा निर्देश असतो आणि पाचवी चिमणी कुणी न सांगता सापडते.

खिशात मावणारी, नवा करार आणि त्याला जोडून स्तोत्रसंहिता व नीतिसूत्रे अशी छोटी प्रत बरेच जण देतात. हलकी आहे, फिरायला सोयीची आहे. पण यादी ताडून पाहा: मत्तय, लूक आणि स्तोत्र ८ त्यात आहेत, ईयोब आणि १ राजे नाहीत. आणि मनाने पार खचलेल्या माणसाला त्या दोन उताऱ्यांचीच गरज पडते. म्हणून छोटी प्रत जोडीला ठीक, एकुलती एक म्हणून अपुरी.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ ज्याने कधी चर्चची पायरी चढलेली नाही अशा मराठी वाचकासाठी सगळ्यांत सोयीचे. त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार आहे. भाषा आजच्या मराठी गद्याची आहे. अनुवादक स्वतः वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावर उतरलेले धर्मगुरू होते, त्यामुळे पाखरे-फुलांच्या उताऱ्यांशी त्यांचे नाते पुस्तकी नव्हते हे वाचकाला ठाऊक असलेले बरे. मत्तयपासून सुरुवात करणाऱ्याने हेच घ्यावे. चर्चमध्ये सगळ्यांबरोबर मोठ्याने वाचायचे असेल तर मात्र शब्द जुळत नाहीत, तिथे बायबल सोसायटीची प्रत लागते.

पंडिता रमाबाईंचे भाषांतरही इथे नोंदवले पाहिजे. ते १९२४ मध्ये निघाले, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना कळावे म्हणून त्यांनी ते केले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनीच त्याचे छपाईचे खिळे जुळवले. दुष्काळातून आणलेल्या, घरांनी टाकलेल्या बायका ‘एकीचाही विसर पडत नाही’ हे वाक्य खिळ्याला खिळा लावून उभे करत होत्या. आज ती प्रत सहजी हाती लागत नाही आणि रोजच्या वाचनाला जुनी वाटते. ग्रंथालयात दिसली तर लूक १२ उघडून पाहावे.

प्रत कोणतीही असो, बाहेर नेण्याचे काही नियम आहेत. बायबलचा कागद फार पातळ असतो. वाऱ्यात पाने फडफडतात, म्हणून उतारा घरीच काढून दोन्ही बाजूंना कपड्याचे चिमटे लावावेत. जेल पेनाने खूण केली तर शाई मागच्या पानावर उतरते, त्यापेक्षा साधी शिसपेन्सिल बरी. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत न्यावे, पण घरी आल्यावर तसेच ठेवू नये. ओल धरली की पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना फाटतात.

वाचन आणि बघणे यांचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक जण तो उलटा करतात. बाहेर जाऊन बसतात, पुस्तक उघडतात आणि मान खाली घालून वाचत राहतात. मत्तय ६ मध्ये आज्ञा पाखरांकडे नीट बघण्याची आहे. हा उतारा घरी एकदा पूर्ण वाचून घ्यावा, २४ व्या वचनापासून. बाहेर गेल्यावर पहिली दहा मिनिटे पुस्तक बंद. मग जे पाहिले त्याच्या शेजारी तो भाग मोठ्याने, स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात वाचावा. पाऊण तासाच्या वर ताणू नये. थकलेले मन त्यानंतर पुन्हा स्वतःचेच दळण दळू लागते.

पाखरू कोणते, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. धनेश किंवा स्वर्गीय नर्तक शोधायला गेलात तर दिवस शोधण्यात जातो आणि दिसला नाही की निराशा पदरी. लूक १२:२४ मध्ये येशू सरळ कावळ्यांचे नाव घेतो. लेवीय ११ प्रमाणे तो अशुद्ध पक्षी, देवळात चालणारा नव्हे. आपल्याकडेही त्याचे तसेच: पितृपक्षात आदराने बोलावणे आणि एरवी हुसकावणे. त्याला कोठार नाही, कणगी नाही, तरी देव त्याला पोसतो. कावळा कुठेही सापडतो, सकाळी साडेसहाला सापडतो, बसस्टॉपवर सापडतो. या कामाला तोच घ्यावा.

फुलांसाठी कास पठारापर्यंत जायची गरज नाही. हंगामात तिथे आगाऊ नोंदणी करावी लागते, गर्दी असते आणि सगळा वेळ फोटोत जातो. उताऱ्यातली फुले रानातली, न लावलेली आहेत. गालीलात ती बहुधा वसंतात माळावर उगवणारी लाल अ‍ॅनिमोन असावीत असे पुष्कळ अभ्यासक मानतात. आपल्याकडे त्या तोडीचे तण म्हणजे एकदांडी, ज्याला दगडीपालाही म्हणतात. कोणत्याही गावात रस्त्याच्या कडेला, शाळेच्या कुंपणाशी, जवळजवळ वर्षभर ती असते. मूळची अमेरिकेतली आहे, तेव्हा येशूने ती पाहिलेली नसणार, पण त्याने बिघडत नाही. वीतभर उंच, लवदार, एकच दांडा आणि त्याच्या टोकाला रुपयाएवढेही नसलेले फूल. गुडघ्यावर बसून एक फूल जवळून पाहावे. कडेला बहुधा पाच फिकट पिवळसर पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन बारीक दात. मधला पिवळा गोळा एक फूल नसून पुष्कळ नळीसारखी फुले दाटीने बसवलेली असतात. साधे भिंग नेले तर प्रत्येकाच्या तोंडाशी पाच कंगोरे मोजता येतात. कुणी पेरले नाही, कुणी बघत नाही, उद्या पालिकेचा माणूस कुदळीने खरवडून टाकणार. शलमोन राजाचा थाट याच्यापुढे फिका, हे त्याच उताऱ्यातले वाक्य तिथे बसून वाचल्यावर कवितेतली अतिशयोक्ती वाटत नाही.

विदर्भ-मराठवाड्यात मार्चनंतर हिरवे काही उरत नाही, मग काय, असे विचारले जाते. तेव्हा मत्तय ६ चे ३० वे वचन घ्यावे: आज असलेले आणि उद्या भट्टीत टाकले जाणारे गवत. येशूच्या मुलखात लाकूड कमी, म्हणून मातीच्या भट्ट्या वाळल्या तणावर पेटवत, जशी आपल्याकडे चुलीला पऱ्हाटी नि तुराट्या घालतात. सुकून गेलेल्या माळावर हा भाग ऑगस्टपेक्षा जास्त कळतो, कारण जे लवकरच जाळले जाईल त्यालाही देव एवढे नटवतो, असा युक्तिवाद आहे. हिरव्यागार पावसाळ्यात ‘उद्या भट्टीत’ हे शब्द वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतात.

इथे एक गल्लत फार होते. कावळा किंवा फूल पाहून आपोआप बरे वाटेल, असे समजून लोक जातात. कधी वाटते, कधी नाही. समोर शिकऱ्याने चिमणी उचलून नेली तर काय करणार? पाखरू स्वतः तुमची किंमत सांगत नाही. उताऱ्यातला सगळा जोर ‘तुमचा स्वर्गीय पिता’ या दोन-तीन शब्दांवर आहे. ते काढले तर चांगले निसर्गवर्णन उरते आणि माणूस होता तिथेच राहतो. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाने हे उतारे जरूर वाचावेत, पण ही अट त्यात आहे हे त्याला आधी ठाऊक असावे. आणि ३० व्या वचनातल्या ‘अल्पविश्वासी’ या हाकेला खचलेला माणूस खडसावणे समजतो. ती हाक येशू आपल्या जवळच्यांनाच मारतो, आणि तिच्या पुढेही तो समजावतच राहतो. ३४ व्या वचनात तर आजच्या दिवसाला आजचे दुःख पुरे असे तो कबूलच करतो. कुणाच्या तोंडावर ‘चिंता करू नका, बायबल सांगते’ असे फेकण्यासाठी हा अध्याय वापरला की पुढचे दार बंद होते.

स्तोत्र ८ रात्रीचे आहे. चंद्र आणि तारे पाहून, मग माणूस तो काय की तू त्याची आठवण ठेवावी, असा प्रश्न येतो. पुण्या-मुंबईच्या उजेडात तारेच दिसत नाहीत आणि प्रश्न पोकळ होतो. अमावास्येच्या आसपास गावाकडे असाल तेव्हाच ते उघडावे. शहरात असाल तर त्या दिवशी ते सोडून द्यावे.

ईयोबचे अध्याय वेगळ्या चवीचे. तिथे कुणी पाठीवरून हात फिरवत नाही. मनुष्यवस्ती नसलेल्या वाळवंटावर पाऊस कोण पाडतो, रानबकरी कधी विते हे तुला माहीत आहे काय, अशा प्रश्नांची सरबत्ती आहे आणि माणूस त्यात जवळजवळ नाहीच. ज्याचे सगळे जग स्वतःच्या एका अपयशाभोवती आकसले आहे, त्याला याचा मोठा सुटकारा वाटतो. बघणारे कुणी नसताना, काही उपयोग नसतानाही पाऊस पडतो, म्हणजे उपयोगी असणे हीच किंमत नाही. पण घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर हे अध्याय झोंबतात. आधी ३९ वाचावा, ३८ मागाहून. जनावरे आधी भेटली की प्रश्नांचा मारा सोसवतो.

एलियाचा उतारा सगळ्यांत शेवटी सांगतो आहे, पण गरज तीव्र असेल तर तोच पहिला. मोठ्या यशानंतर जिवाच्या भीतीने तो पळतो, चाकराला मागे सोडतो, एकटा दिवसभर रानात चालतो आणि झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे, मी माझ्या वाडवडिलांहून चांगला नाही. त्यावर देवदूत उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलिया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो. त्यानंतर ४० दिवसांची वाट, मग होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी, आणि सगळ्यांच्या शेवटी एक मंद वाणी. मीच एकटा उरलो, असे तो दोनदा म्हणतो. उत्तरात त्याला पुढची कामे मिळतात आणि कळते की इस्राएलात अजून सात हजार जण आहेत. क्रम पाहा: अन्न, झोप, पुन्हा अन्न, चालणे, बोलणे त्यानंतर. सोबतीला जाणाऱ्याने हाच क्रम धरावा. डबा न्यावा, पुस्तक पिशवीत राहू द्यावे.

आणि तो माणूस एलियासारखा मरणाचेच बोलत असेल, झोप-जेवण उडून दोन आठवडे झाले असतील, तर कोणतीही प्रत पुरी पडणार नाही. डॉक्टरकडे न्यावे, एकटे सोडू नये. सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येते. फादरांना किंवा पाळकांना बोलवायचे असेल तर जरूर बोलवावे, पण डॉक्टरऐवजी म्हणून नव्हे.

दुकानात छापील प्रत घेताना १ राजे १९ आणि लूक १२ ही दोन पाने उघडून उजेडात धरावीत. मागच्या पानावरची अक्षरे पुढे दिसत असतील तर दुसरी प्रत मागावी, कारण उन्हात ती पुढच्या मजकुरात आणखी मिसळतात. जोडाक्षरे शाईने भरून गेलेली वाटली तरी तेच करावे. चाळिशीच्या पुढच्या वाचकासाठी मोठ्या अक्षरांची प्रत घ्यावी. ती जड असते, त्यामुळे बाहेर न्यायला फोनमध्ये डाउनलोड केलेली आवृत्ती आणि घरी ही, अशी जोडी ठेवली की काम भागते.